आठव्या महिन्यात एकदा घरात बसून बोला

शिराळा तालुक्यात ज्या घरात लेक किंवा सून गरोदर आहे आणि सातवा-आठवा महिना लागला आहे, त्या घरासाठी हे लिहिते आहे. डोहाळजेवणाचं ठरलं असेल, हिरवी साडी आणून झाली असेल, आळीव आणि डिंक डब्यात भरून ठेवला असेल, जुन्या मऊ लुगड्याची दुपटीही शिवून झाली असतील. पण कळा म्हणजे नेमकं काय, त्या सुरू कशा होतात, किती वेळ चालतात, त्या वेळी करायचं काय, हे तिला कुणी जवळ बसवून सांगितलंय का? बहुतेक घरांत नाही. सांगणाऱ्या सांगतात त्या एक तर 'बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, सुटली तर आपली' असं भेदरवून, नाही तर 'आम्ही नाही का चार-चार बाळंतपणं काढली' असं उडवून लावून. दोन्हींत तिच्या हाती काहीच लागत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. आठवा महिना संपायच्या आत एका संध्याकाळी जेवणं उरकल्यावर ती, तिचा नवरा, सासू आणि जमलं तर तिची आई, असे सगळे एकत्र बसा. दुखणं कसं असतं ते तिला खरं सांगा, आणि वेळ आली की घरातून निघायचं कसं ते ठरवा.

पोरी, आधी तुझ्याशी बोलते.

गर्भाशय हा दणकट स्नायू आहे. तो आवळतो, सैल पडतो, परत आवळतो. हे आवळणं म्हणजेच कळ. दर कळेबरोबर गर्भाशयाचं तोंड पातळ होत थोडं थोडं उघडतं, आणि ते दहा सेंटिमीटर उघडलं की बाळाला वाट मिळते. सुरुवातीला पाळीच्या दिवसांत दुखतं तसंच वाटतं, कंबर धरल्यासारखी होते. बऱ्याच जणींना कळ कमरेतून निघते आणि पुढे ओटीपोटात येते, काहींच्या मांड्यांतही उतरते. त्या वेळी हात ठेवून बघितलंस तर पोट दगडासारखं कडक लागेल. कळ चढत जाते, टोकाला पोचते आणि उतरते. सुरुवातीला जेमतेम अर्धा मिनिट, पुढे मिनिटभर, अगदी शेवटी दीड मिनिटापर्यंत. घाबरवणाऱ्या बायका पुढचं कधी सांगत नाहीत, म्हणून मी सांगते: कळ उतरली की विसावा असतो. दर पाच मिनिटांनी मिनिटभराची कळ येत असेल, तर मधली चार मिनिटं तुझी आहेत. पुढच्या कळेची धास्ती घेऊन बसलीस तर ती फुकट जातात. डोळे मिटून, खांदे आणि जबडा सैल सोडून पडून राहिलीस, दोन घोट पाणी प्यालीस, तर पुढच्या कळेला तोंड द्यायची ताकद येते.

याला वेळ किती लागतो? पहिलटकरणीला भरपूर. तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ कुणाचा काही तासांत सरतो, कुणाची अख्खी रात्र आणि दुसरा दिवसही त्यात जातो. दवाखान्यात तपासून 'अजून दोनच बोटं उघडलंय' असं सांगतात आणि घरच्यांचे चेहरे पडतात. पडू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की जोराच्या टप्प्याची गणती पाच सेंटिमीटरपासून धरायची, आणि तिथून पुढेही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात, नंतरच्या खेपांना दहापर्यंत. म्हणजे 'शेजारणीची सून चार तासांत मोकळी झाली, हिलाच का वेळ लागतोय' या बोलण्याला काही अर्थ नाही. आई आणि बाळ दोघंही ठीक आहेत एवढं डॉक्टर-सिस्टर सांगत असतील, तर धीर धरायचा.

आता कठीण जागा सांगते, कारण ती माहीत नसली की बाई हबकते. पूर्ण उघडायच्या जरा आधी कळा अगदी जवळजवळ येतात, विसावा आखडतो. अंगाला थरथर सुटते, उलटी होते, घाम फुटतो आणि मधेच थंडी वाजते. याच वेळी बहुतेक बायका म्हणतात, 'मला नाही जमायचं आता, मला घरी न्या.' तुझ्याही तोंडून हे निघेल. निघालं तर समज की सगळ्यात अवघड भाग सरत आला आहे. त्यानंतर दुखण्याची जात बदलते. खाली प्रचंड दाब येतो, अगदी संडासला लागल्यासारखा. त्याची लाज वाटून धरून ठेवू नकोस, लगेच सिस्टरना सांग. त्या तपासतील आणि मगच जोर करायला सांगतील. तोंड पूर्ण उघडायच्या आत जोर केला तर बाई दमते आणि गर्भाशयाच्या तोंडाला सूज येते. बाळाचं डोकं दिसू लागलं की खाली जळजळ होते, कातडी ताणली जाते. तेव्हा 'जोर थांबवा, फुंकर मारा' असं सांगतील, आणि ते ऐकायचं. डोकं सावकाश आलं तर फाटण्याची भीती कमी होते. बाळ बाहेर आलं की तो दाब एकाएकी जातो. वार पडताना पुन्हा बारीक कळ येते, पण तिची फारशी आठवणसुद्धा राहत नाही.

काही जणींना सगळं दुखणं कमरेतच असतं आणि कळ उतरली तरी कंबर ठणकत राहते. बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असलं की बहुधा असं होतं. अशा वेळी पाठीवर उताणं पडणं फार जड जातं. कुशीवर हो, भिंतीला हात टेकून उभी राहा, खाटेच्या कडेला वाकून कंबर डोलव. सोबतच्या बाईने तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर कळ चढताना घट्ट दाबून धरायचं आणि उतरली की सोडायचं. सासू-आईने हे घरीच एकदा करून बघावं, म्हणजे किती जोर लागतो ते कळतं. गरम पाण्याची पिशवीही कमरेला बरी वाटते, मात्र चटका बसेल इतकी गरम नको.

श्वासाचं तंत्र फार मोठं नाही. कळ सुरू झाली की नाकाने श्वास घ्यायचा आणि तोंडाने सावकाश, घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडायचा. सोडताना बारीक आवाज निघाला तर निघू दे. श्वास कोंडून, दातावर दात दाबून पडलं की सगळं अंग आखडतं आणि तीच कळ दुप्पट लागते. भीतीने अंग आखडतं, आखडल्याने दुखणं वाढतं आणि दुखणं वाढलं की भीती वाढते, हा फेरा ग्रँटली डिक-रीड या इंग्लिश डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच मांडला होता. त्यांच्या सगळ्याच म्हणण्याशी मी सहमत नाही. भीती गेली की दुखणंच जातं, असं काही नसतं. पण भीतीने ते वाढतं, हे मात्र खरं. म्हणून आठव्या महिन्यापासून रोज निजताना दहा मिनिटं असा श्वास घेऊन बघ. ऐन वेळी शिकायला गेलीस तर सुचत नाही.

नवव्या महिन्यात खोट्या कळाही येतात. पोट आवळतं, पण त्याला ताल नसतो. उठून चार पावलं चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की थांबतं. खऱ्या कळा चाललीस तरी थांबत नाहीत, मधलं अंतर कमी होत जातं आणि प्रत्येक कळ लांबत जाते. मोबाइलवर किंवा भिंतीवरच्या घड्याळावर वेळ लावून, कळ कधी सुरू झाली आणि किती टिकली ते कागदावर लिहायचं. हे काम नवऱ्याचं.

नेहमीचा हिशोब असा, की पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी, मिनिटभराची कळ, तासभर येत राहिली की दवाखान्यात जावं. हा हिशोब शिराळा गावातल्या, रिक्षाने उपजिल्हा रुग्णालयात पोचणाऱ्या बाईला ठीक. मणदूर, आरळा, गुढे-पाचगणीचं पठार, डोंगरकपारीतले धनगरवाडे, इथल्या बाईने तो धरून बसू नये. कळांना ताल आला की निघावं. दुसरी-तिसरी खेप असेल तर त्याहून लवकर, कारण तेव्हा सगळं झपाट्याने होतं आणि बाळ वाटेतच येण्याची धास्ती असते.

आणि पाऊस. चांदोलीकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये वारणा फुगली की मांगले-सावर्डे, कोकरूड-रेठरे असे बंधारे पाण्याखाली जातात आणि रोजचा रस्ता बंद होतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर सगळ्यांनी पाहिला आहे. ज्या बाईची तारीख आषाढ-श्रावणात आहे, तिला तारखेच्या दहा-पंधरा दिवस आधीच शिराळ्यात, कोकरूडला किंवा इस्लामपूर-कराडला एखाद्या नातेवाइकाकडे आणून ठेवा. माहेर वारणेपलीकडे असेल आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असेल, तर तिला पाऊस लागायच्या आत पोचवा. नागपंचमीला शिराळ्यात माणसांची आणि गाड्यांची काय दाटी होते तेही डोक्यात ठेवा. त्या दिवशी कुठल्या रस्त्याने यायचं हे आधी बघून ठेवा.

गाडी १०८ ला फोन करून मिळते, गरोदर बाईसाठी १०२ चीही सोय आहे. फोन करताना नुसतं गावाचं नाव सांगू नका. कुठली वाडी, कुठल्या देवळाजवळ, शेवटचा डांबरी रस्ता कुठे संपतो, तिथे कोण उभं राहील, हे सांगा. जिथे रेंज जाते-येते तिथे फोन कुठल्या टेकाडावरून लागतो हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असावं. सरकारी गाडीला उशीर झाला तर कुणाची जीप किंवा रिक्षा रात्री दोन वाजताही मिळेल, त्याला आत्ताच विचारून ठेवा. आशाताईचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा. नवरा मुंबईला कामाला असेल, आणि आपल्या तालुक्यात असे कितीतरी आहेत, तर निर्णय घ्यायचा अधिकार घरातल्या कुणाला, हे त्याने आधीच सांगून जावं. 'त्याचा फोन लागल्यावर बघू' यात मोलाचा वेळ जातो.

काही गोष्टींत कळांची वाट बघायचीच नाही, तडक निघायचं. पाणमोट फुटली आणि कळा नसल्या, तरीही. पाणी हिरवट किंवा काळपट असेल तर अधिकच घाई करा. अंगावरून रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले, ताप आला, झटका आला, किंवा सदतीस आठवडे भरायच्या आत कळा सुरू झाल्या, तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. आधीचं सिझर असलेली, जुळी असलेली, बाळ आडवं किंवा पायाळू असलेली बाई कुठे बाळंत होणार, हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरलेलं हवं. कदाचित तिला कराड, मिरज किंवा कोल्हापूरपर्यंत जावं लागेल. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, तिथे हे सगळं विचारा. हिमोग्लोबिन किती आहे तेही तिथेच बघा. ते कमी असलं की बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही झेपत नाही, आणि गोळ्या-आहाराने ते वाढवायला महिने लागतात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं म्हणून त्या पिशवीत तशाच ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. काळं होतं, होऊ द्या, गोळी घ्या. रक्त द्यायची वेळ आली तर कोण येईल, अशी दोन माणसंही मनाशी धरून ठेवा.

आता सासवांशी आणि आयांशी बोलते. आत्याबाई, कळा लवकर याव्यात म्हणून एरंडेल पाजू नका. त्याने जुलाब होतात, बाईच्या अंगातलं पाणी जातं आणि ऐन वेळी ती गळून जाते. आणि घरी कुणी 'कळांचं इंजेक्शन' देतो म्हणालं, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. ते इंजेक्शन दवाखान्यात सलाइनमधून मोजून, बाळाचे ठोके बघत देतात. तसं न देता दिलं तर गर्भाशय फाटू शकतं आणि बाळ गुदमरू शकतं. बाळ लवकर यावं म्हणून वरून पोट दाबणं हेही धोक्याचं आहे, मग ते कुणीही करो.

आणि तिच्याजवळ राहा. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे की सरकारी दवाखान्यातही बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीची एक बाई सोबत राहू द्यावी. आई, सासू, जाऊ, नणंद, जिच्याजवळ तिचं मन मोकळं होतं ती. कुणाची सोबत हवी हे तिनेच ठरवायचं, तुम्ही नाही. सासूऐवजी बहिणीचं नाव घेतलं तर मनाला लावून घेऊ नका. सतत कुणीतरी जवळ असलं तर बाळंतपण थोडं लवकर उरकतं, सिझरची वेळ कमी येते, असं जगभरातल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. सोबतच्या बाईने करायचं ते साधं आहे. कळ चढताना तिचा हात धरायचा, तिच्याबरोबर श्वास सोडायचा, उतरली की ओठाला पाणी लावायचं, घाम पुसायचा. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर घोट-घोट पाणी किंवा पातळ पेज द्यायची. दर दोन तासांनी लघवीला न्यायचं, कारण भरलेल्या मूत्राशयाने बाळाचं डोकं अडतं. ती ओरडली तर 'गप, लोक काय म्हणतील' असं म्हणायचं नाही. 'पोरगं झालं तर बरं' हे त्या खोलीत तोंडातून काढायचं नाही, बाहेरही नाही.

वारणेपलीकडच्या कोल्हापूरला आनंदीबाई जोशींचं नाव परकं नाही. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्यानंतर त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन डॉक्टर झाल्या. १८८६ मध्ये त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच, आपल्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांत बाळंतपणाबद्दल काय सांगितलंय त्यावर. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या बायकांच्या विभागावर नेमलंही. पण क्षयाने त्या १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या, वय बावीसही पुरं झालं नव्हतं. बाळंतपणात बाईला जाणती बाई भेटावी म्हणून एक मुलगी त्या काळात सातासमुद्रापार गेली. आज आशाताई, सिस्टर, डॉक्टर आपल्या तालुक्यात आहेत, आणि २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी परत सोडणारी गाडी हे सगळं मोफत आहे. त्याचा उपयोग करून घ्या.

दुखणं कमी करायची इंजेक्शनं असतात. मोठ्या दवाखान्यांत पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून कमरेखालचं दुखणं जवळजवळ घालवता येतं. त्याला भूलतज्ज्ञ लागतो, म्हणून ते सगळीकडे मिळत नाही. जिला ते मिळतं आणि हवं आहे, तिने घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. तसंच सिझर झालं म्हणून 'कळा सोसल्याच नाहीत' असं कुणी म्हणत असेल, तर तिला तिथेच थांबवा. पोट फाडून घेऊन दुसऱ्या दिवशी उठून बाळाला पाजणारी बाई काही कमी सोसत नाही.

पिशवी आठव्या महिन्यातच भरून दाराशी ठेवा. तपासणीचं कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, दोन गाऊन, सुती साडीचे धुतलेले मऊ तुकडे, पॅड, बाळाचं टोपडं आणि झबली, पेला-चमचा, चार्जर. बाळ आलं की लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा, आणि पहिल्या तासात दूध. पिवळसर चीक टाकायचा नाही, मध किंवा घुटी चाटवायची नाही, पहिल्या दिवशी आंघोळ घालायची नाही.

बाळंत झाल्यावर निदान दोन रात्री दवाखान्यातच राहा, घरी पाचवीची घाई असली तरी. रक्तस्राव होऊन बाई दगावते ती बहुतेक पहिल्या चोवीस तासांतच. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ती घामाघूम होऊन गार पडत असेल, तर 'बाळंतिणीला जातंच' म्हणून बसू नका, सिस्टरना ओरडून बोलवा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायांना बाळ पाजताना पोटात पुन्हा कळा येतात. त्या गर्भाशय आवळून मूळ आकारावर येत असल्याच्या खुणा आहेत. त्यांना घाबरू नका, फार दुखलं तर गोळी मागा.

एक शेवटचं, ऊसवाल्यांसाठी. चिखलीच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या तुमच्या रानात कोप्या घालतात. त्यांत पोट घेऊन कोयता चालवणाऱ्या बायका असतात, आणि इथल्या दवाखान्याची वाट त्यांना ठाऊक नसते. तुमच्या फडात अशी बाई दिसली तर गावच्या आशाताईला त्याच दिवशी कळवा. तपासणी, गोळ्या, गाडी, बाळंतपण, यातलं सगळं तिलाही तितकंच लागू आहे, कार्ड तिच्या गावचं असलं तरी. आणि रात्री कोपीतून कुणी तुमच्या दारात आलं, तर जीप काढा.